बेट कुणाचं?

'द अदर साइड ऑफ हेवन' (२००१) या सिनेमात एक प्रसंग आहे. अमेरिकेतून आलेला विशीतला एक मुलगा पॅसिफिक महासागरातल्या बेटावर, झोपडीत झोपलाय. रात्री उंदीर येतात आणि त्याच्या तळपायांची कातडी कुरतडून जातात. बघताना आपलेही पाय आपोआप पांघरुणात ओढले जातात. पण त्या बेटावर बाकीची शेकडो माणसंही रोज रात्री झोपतातच की. त्यांच्या पायांचं काय? उंदरांपासून वाचायची त्यांची काहीतरी रीत असणार, कुणीतरी ती कधीतरी शोधून काढली असणार. सिनेमाला त्यात फारसा रस नाही. उंदीर बेटाचे असले तरी गोष्ट त्या मुलाच्या पायांची आहे.

सिनेमा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो चांगला आहे म्हणूनच त्याच्याशी भांडायचंय.

गोष्ट खरी आहे. आयडाहो राज्यातल्या जॉन ग्रोबर्गला १९५४ मध्ये मॉर्मन चर्चने टोंगाला धर्मप्रचारासाठी पाठवलं. तिथून त्याची रवानगी झाली निउआतोपुतापु नावाच्या, टोंगाच्या मुख्य बेटांपासून खूप उत्तरेला असलेल्या छोट्या बेटावर. भाषा येत नाही, वीज नाही, घरून पत्र यायचं तर बोट येण्याची वाट बघायची. सोबतीला फेकी नावाचा टोंगन तरुण. पुढे ग्रोबर्गने आठवणी लिहिल्या, 'इन द आय ऑफ द स्टॉर्म' या नावाने त्या १९९३ मध्ये आल्या आणि मिच डेव्हिसने त्यावर सिनेमा केला. ख्रिस्तोफर गोरहॅम ग्रोबर्ग झालाय, आणि अमेरिकेत त्याची वाट बघणारी जीन झालीय ॲन हॅथवे.

मॉर्मन पंथ तसा नवा. १८३० मध्ये जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला. पंथातल्या तरुणांनी आयुष्यातली दोन वर्षं प्रचाराला द्यावीत, अशी अपेक्षा असते. ग्रोबर्गच्या काळात, दूरदेशी जाऊन भाषा शिकायची असेल तर हा काळ त्याहूनही लांबायचा. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. खर्च बहुतेक करून स्वतःचा किंवा घरच्यांचा. कायम एक जोडीदार बरोबर, प्रेमप्रकरण बंद. घरी फोन करायची मुभा कित्येक वर्षं नाताळ आणि मदर्स डे अशा दोनच दिवशी होती. दर आठवड्याला घरी बोलता येऊ लागलं ते २०१९ पासून. आणि एवढ्या कोवळ्या पोराला सगळ्यांनी हाक मारायची 'एल्डर', म्हणजे वडीलधारा.

ज्या वयात आपण कॅम्पस प्लेसमेंटच्या याद्या रिफ्रेश करत असतो, त्या वयात हा मुलगा जगाच्या टोकाला एकटा बसून भाषा शिकतोय. सिनेमाचा सगळ्यात चांगला भाग हाच. इंग्रजी बायबल आणि टोंगन बायबल शेजारी शेजारी ठेवून तो ओळीला ओळ लावत जातो. शिकवणारा कुणी नाही, शब्दकोश नाही. एकच मजकूर दोन भाषांत आहे, एवढंच भांडवल. कुठलीही नवी भाषा एकट्याने शिकलेल्या माणसाला या प्रसंगातला कंटाळा आणि हट्ट दोन्ही ओळखीचे वाटतील.

पण याच प्रसंगात सिनेमाची मेखही आहे. टोंगन बायबल त्या बेटावर आलं कुठून? ते तिथे होतंच. वेस्लियन मिशनरी टोंगात १८२० च्या दशकातच पोचले होते, आणि पुढे सगळं टोंगा एका राज्याखाली आणणाऱ्या राजाने १८३१ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. ग्रोबर्ग पोचला तेव्हा त्या लोकांच्या चारपाच पिढ्या चर्चमध्ये भजनं म्हणत मोठ्या झाल्या होत्या. म्हणजे ही 'अंधारात उजेड नेल्याची' गोष्ट नाहीच. एका ख्रिस्ती चर्चमधल्या माणसांना दुसऱ्या ख्रिस्ती चर्चमध्ये बोलावण्याची आहे. बेटावरचा पाद्री सिनेमात आहे, सुरुवातीला विरोधकही आहे, पण त्याच्या विरोधामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे हे सिनेमा आपल्याला जाणवू देत नाही. विरोध वैयक्तिक वाटला की चांगुलपणाने विरघळवता येतो. इतिहास असा विरघळत नाही.

फेकीचंही तसंच. धर्मप्रचारक तोही आहे, तरुण तोही आहे, आणि सुरुवातीचे महिने सगळं बोलणं त्याच्याच तोंडून होतं. तरी त्याची गोष्ट दुय्यम राहते. चक्रीवादळ येतं, पिकं जातात, बेट उपाशी पडतं. एक मुलगा झाडावरून पडतो आणि मेलाच असं वाटत असताना वाचतो. हे सगळं घडतं बेटावर, पण त्यातून मोठा होतो ग्रोबर्ग. आमच्या धंद्यात 'युजर स्टोरी' नावाचा प्रकार असतो. 'वापरणारा म्हणून मला अमुक हवं आहे' असं एक वाक्य लिहायचं आणि त्यावरून सॉफ्टवेअर बांधायचं. वाक्यात 'मला' असतं, पण ते लिहितो आमच्यातलाच कुणीतरी, एसी खोलीत बसून. सेवेच्या बहुतेक गोष्टी अशाच लिहिल्या जातात. गरज बेटाची असते, वाक्य बोटीतून आलेल्याचं असतं.

हे मॉर्मनांपुरतं नाही, आणि मॉर्मन आपल्याकडे आलेच नाहीत असंही नाही. ह्यू फिंडले नावाचा तिशीच्या उंबरठ्यावरचा स्कॉटिश मॉर्मन १८५१ मध्ये मुंबईत उतरला. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावायला अजून दोन वर्षं होती, मुंबई तेव्हा खऱ्या अर्थाने बेट होती. मग तो पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रवचनं करायला आडकाठी केली. मूठभर माणसं पंथात आली, पण पंथ काही रुजला नाही आणि १८५५ मध्ये फिंडले परत निघाला. त्याच्या रोजनिशा पुढे छापल्या गेल्या. त्यावर सिनेमा मात्र कुणी केला नाही, करणारही नाही. ग्रोबर्ग आणि फिंडले यांच्या श्रद्धेत डावं-उजवं कसं करायचं? फरक एवढाच की एका बेटाने हो म्हटलं, दुसऱ्याने नाही म्हटलं. टोंगात आज जवळजवळ दर पाच माणसांमागे एक मॉर्मन आहे. पुण्याने ऐकून घेतलं आणि आपल्या कामाला लागलं. सेवेच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात त्या मुख्यतः होकाराच्या. नकार देणारं गाव गोष्टीतून गळून पडतं.

नकार देणाऱ्या माणसाने स्वतःच पुस्तक लिहिलं तर काय होतं? मराठीत ते झालंय. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. शाळेत एखादा उतारा वाचून आपण ते 'विनोदी आठवणी' या खणात टाकून दिलेलं असतं. ग्रोबर्गचा सिनेमा बघितल्यावर ते पुन्हा काढा. वेगळंच पुस्तक हाती येईल.

सुरुवातीचा धागा आपल्या विदर्भातलाच. नारायण वामन टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे संस्कृतच्या कामावर होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक परका ख्रिस्ती गृहस्थ भेटला. त्याने बायबल हातात ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ते पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे मोठे प्रचारक आणि कवी झाले. त्यांच्या बाजूने लिहिलं असतं तर ही गोष्ट हुबेहूब ग्रोबर्गसारखी झाली असती. दैवी संकेत, वादळ, त्याग आणि शेवटी घर पुन्हा एक.

लक्ष्मीबाई ती दुसऱ्या टोकाकडून सांगतात. नवरा देवाच्या मागे गेला, मागे राहिली ती बायको, कडेवर मूल, नातेवाइकांच्या आश्रयाला. सिनेमातली जीन पत्रं लिहिते आणि वाट बघते. तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं ते ग्रोबर्गला बळ मिळावं एवढ्यापुरतंच. लक्ष्मीबाई वाट बघतात, रडतात, चिडतात आणि टिळकांची चेष्टाही करतात. हातातलं असेल नसेल ते कुणालाही देऊन टाकणारा हा माणूस बाहेर संत दिसतो. घरात त्याचाच अर्थ आज चूल पेटणार की नाही, असा असतो. या दोन्ही गोष्टी त्या एकाच दमात सांगतात आणि एकीने दुसरी खोडत नाहीत.

मुख्य म्हणजे त्या पटकन होकार देत नाहीत. टिळकांकडे परतल्यावरही आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवतात. सोवळ्याची एकेक गाठ त्या सोडतात ती नवरा सांगतो म्हणून किंवा मिशन सांगतं म्हणून नाही. जातीपातीचे भेद देवाने केले की माणसाने, हा हिशेब त्यांनी स्वतःशी मांडला आणि उत्तर आलं तेव्हा सोडली. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. धर्मांतराच्या कुठल्याही गोष्टीत मला ही पाच वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. ग्रोबर्गच्या सिनेमात माणसं बदलतात ती त्याच्या चांगुलपणाच्या उबेने. इथे एक बाई बदलते ती स्वतःच्या डोक्याने, आणि तिला लागला तेवढा वेळ घेऊन.

आता हे सगळं वर्धा जिल्ह्यात बसून लिहायचं कारण. आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी रस्त्यावरचं गाव. इथून सेवाग्राम तासाभराच्या आत. या पट्ट्यातल्या गावांइतकी सेवा बहुधा देशात कुणाच्या वाट्याला आली नसेल. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला, मगनवाडीत. त्यानंतर मीराबेन, म्हणजे इंग्लंडच्या आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात राहायला गेल्या. गांधी आणि त्यांचे सहकारी सकाळी चालत जाऊन तिथल्या रस्त्यावरचा मैला उचलत. गाव बघत राहिलं. सवयी काही झटपट बदलल्या नाहीत. मीराबेन पुढे शेगावला गेल्या, आणि ३० एप्रिल १९३६ ला गांधीही तिथे आले. मीराबेनचं आत्मचरित्र १९६० मध्ये आलं. आश्रमातल्यांच्या रोजनिशा, पत्रं, आठवणींनी कपाटं भरली आहेत. सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून हे सगळं बघणाऱ्या सिंदीच्या बाईला काय वाटलं, ते या कपाटात शोधायला गेलात तर फार थोडं सापडेल.

शेगावचं तर नावच बदललं. विदर्भातल्या दुसऱ्या, रेल्वे स्टेशन असलेल्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. कारण अगदी व्यवहारी होतं. पण परिणाम बघा. जिथे सेवा केली गेली त्या गावाच्या नावातच आता सेवा करणाऱ्यांची गोष्ट आहे. गावाची स्वतःची गोष्ट नावातून गेली.

सेवा खोटी होती असं मला म्हणायचं नाही. मैला उचलणारे हात खरे होते, ग्रोबर्गची उपासमारही खरी होती. आजही एनएसएसची सात दिवसांची शिबिरं गावोगाव लागतात, फेलोशिपवाले येतात, समाजकार्याचे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन येतात. पोरं मनापासून राबतात, नाल्या साफ करतात, पथनाट्य करतात. शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो निघतो आणि इन्स्टावर 'या गावाने मला काय शिकवलं' अशी पोस्ट पडते. ती पोस्ट ग्रोबर्गच्याच घराण्यातली. तिच्यात गाव शिक्षक असतं, म्हणजे मान मिळतो, पण नाव मिळत नाही. आणि गावात राहणाऱ्या आपण ती लाइक करतो, कारण आपलं गाव कुणाच्या तरी गोष्टीत आलं याचंच अप्रूप असतं.

म्हणून सेवेची कुठलीही गोष्ट वाचताना किंवा बघताना मी तीन गोष्टी शोधतो. तिथल्या माणसांना नावं आहेत का? त्यांना नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावरही ती गोष्टीत टिकतात का? आणि आलेल्या माणसाला ती हसू शकतात का? 'द अदर साइड ऑफ हेवन' पहिल्यात पास होतो, तिसऱ्यात काठावर, दुसऱ्यात नापास. 'स्मृतिचित्रे' तिन्हींत पास होतं, कारण त्यात लेखणीच दुसऱ्या बाजूच्या हातात आहे. ग्रोबर्ग भेटला की माणूस बेटावर जायला उत्सुक होतो. लक्ष्मीबाई भेटल्या की जाण्याआधी दाराशी थांबून आत कोण आहे ते विचारतो.

दोन्ही बघावं, वाचावं, पण शक्यतो याच क्रमाने. आणि ज्यांच्या आजीने सिंदीत, शेगावात, आंजीत पांढऱ्या खादीतली माणसं येताना पाहिली, त्यांनी तिला जरा विचारावं, तेव्हा तुम्ही आपसात काय बोलत होता. उत्तर फोनवर रेकॉर्ड होतं. ते काही फार स्तुतीचं नसेल, पण त्या कपाटात एवढी वर्षं तेच नाही.