स्मेतानाची 'व्हल्टावा' : नदी, सूर आणि मायभूमी

हे टिपण वाचण्याआधी बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराची 'व्हल्टावा' ही वाद्यवृंदासाठीची रचना एकदा ऐकून या. जेमतेम बारा मिनिटांची आहे.

ऐकलीत? मग सुरुवात आठवा. आधी बासऱ्या खळाळतात, मग क्लॅरिनेट त्यांना येऊन मिळतात. हे नदीचे दोन झरे. ते एकत्र येतात आणि व्हायोलिनवर ती प्रसिद्ध धून सुरू होते. पुढे काठावरच्या रानात शिकाऱ्यांची शिंगे वाजतात, एका गावात लग्नाचा पोल्का नाच चालतो, चांदण्यात जलपऱ्या येतात, खडकाळ धारेत पाणी उसळते आणि शेवटी नदी प्रागमध्ये शिरते. हा क्रम स्मेतानाने स्वतःच सांगून ठेवला आहे. बहुतेक पुस्तके इथेच थांबतात : नदीचे चित्र म्हणजे देशप्रेम. मला हे उत्तर अपुरे वाटते. नदी कुणालाही रंगवता येते.

आता त्या धुनेकडे पाहू. ती चेक मातीतलीच असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात 'ला मांतोव्हाना' या जुन्या इटालियन गाण्याशी तिचे इतके साम्य आहे की योगायोग म्हणवत नाही. स्मेतानाचे स्वतःचे शिक्षणही जर्मनमधून झाले. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि आपली चेक भाषा नीट लिहायला तो प्रौढपणी शिकला. म्हणजे सूर 'शुद्ध देशी' नाही आणि संगीतकाराची शाळेतली भाषाही नाही. मग देश आहे कुठे?

मी अभियांत्रिकी शिकवतो. एखादी गोष्ट कशाची बनली आहे याइतकेच ती कशी जोडली आहे हेही पाहायची सवय लागली आहे. माझे उत्तर असे : देश या रचनेच्या जोडणीत आहे. धून आपल्या भाषेत सांगायची तर कोमल गंधार आणि कोमल धैवताची आहे, त्यामुळे तिला उदास छटा येते. खडकाळ धार ओलांडल्यावर तीच धून परतते तेव्हा हे दोन्ही स्वर शुद्ध झालेले असतात. चाल तीच, पण चेहरा उजळलेला. आणि त्यानंतर पितळी वाद्यांवर येतो एक भारदस्त स्वरसमूह. तो नदीचा नाही. तो प्रागमधल्या विशेह्राद या जुन्या राजगडाचा आहे.

इथेच माझी तक्रार आहे. 'व्हल्टावा' हा 'मा व्ल्हास्त' म्हणजे 'माझा देश' या सहा रचनांच्या मालेचा दुसरा भाग आहे. गडाचा स्वरसमूह पहिल्या भागाच्या आरंभी हार्पवर अगदी शांतपणे येऊन गेलेला असतो. पहिला भाग ऐकलेल्या श्रोत्याला शेवटी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे होते. मैफलींत मात्र 'व्हल्टावा' बहुधा सुटीच वाजते, आणि मग तो शेवट नुसता दणदणाट वाटतो. स्मेतानाला मोठ्या आवाजाचा मोह नव्हता असेही नाही. मालेतला शेवटचा भाग 'ब्लानिक' मला तरी जरा घोषणाबाज वाटतो. 'व्हल्टावा'तला शेवट तसा नाही. तो आठवणीतून येतो, फक्त ती आठवण आधी ऐकलेली हवी.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. 1874 च्या ऑक्टोबरात स्मेतानाची श्रवणशक्ती पूर्ण गेली. 20 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर 1874 या काळात त्याने 'व्हल्टावा' लिहिली, म्हणजे ही नदी त्याने कानांनी कधीच ऐकली नाही. दुसरी गोष्ट आमच्या विषयातली. ती उसळणारी धार म्हणजे सेंट जॉनचे प्रपात. पुढे श्टेखोविचे येथे धरण झाले आणि ते प्रपात जलाशयाखाली गेले. धरणे बांधायला शिकवणाऱ्या महाविद्यालयात हा भाग ऐकवताना मी दर वेळी थोडा अडखळतो. वीज हवी होती, हे मला मान्य आहे. तरीही ते पाणी आज या दीडेक मिनिटाच्या संगीतातच उसळते.

आता पुन्हा ऐका. या वेळी आधी 'विशेह्राद'ची पहिली दोन मिनिटे, मग लगेच 'व्हल्टावा'.