ज्ञानकोश संपल्यावर कसब कुठे गेले?

श्रीधर व्यंकटेश केतकर म्हटले की महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ विभागांची रांग डोळ्यांसमोर येते. त्यांचे ‘माझे बारा वर्षांचे काम उर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’ (१९२७) हे पुस्तक मात्र सहसा चरित्राचे साधन म्हणूनच चाळले जाते. संस्थेतील सामायिक ज्ञान कसे सांभाळावे, या प्रश्नासाठीही ते वाचले पाहिजे.

ज्ञानकोश ही सरकारी योजना नव्हती. त्यासाठी मर्यादित कंपनी काढून भांडवल उभे केले होते. काम नागपुरात सुरू झाले आणि पुढे पुण्यात आले. पहिले ५ विभाग प्रस्तावनेचे, त्यानंतरचे २१व्यापर्यंतचे अकारविल्हे नोंदींचे आणि २२वा सूचीचा. जमवलेली माहिती वेळेला सापडली नाही तर ती नसल्यासारखीच, याची जाण सूचीला स्वतंत्र विभाग देण्यात दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम कसे झाले, याचाही हिशेब केतकरांनी लोकांपुढे ठेवला.

परंतु हा इतिहास मुख्य संपादकाच्या खुर्चीतून लिहिलेला आहे. टेबलाशी बसून टिपणे काढणाऱ्यांचे कसब त्यात पुरते उतरणे शक्य नव्हते. ते शोधायचे तर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्याकडे वळावे लागते. दोघेही ज्ञानकोशाच्या कामात तयार झाले. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे ७ विभाग १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले. म्हणजे ज्ञानकोशाचे काम आटोपले, तरी कोश रचण्याची विद्या माणसांबरोबर दुसऱ्या कामात गेली.

मी सांगवीत राहतो. शेजारपाजारचे अनेकजण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जातात. अशाच एका प्रेस शॉपमध्ये मी काही वर्षे काढली. तिथे डाय बसवताना एक जुने सेटरकाका एका कोपऱ्याखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवत. यंत्राशेजारी लावलेल्या सूचनापत्रात ती पट्टी नव्हती. काका निवृत्त झाले आणि रिजेक्शन वाढले. ऑडिटमध्ये कागदपत्रे मात्र निर्दोष ठरली. त्यांच्या हाताखाली ३ वर्षांत किती पोरे आली, याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. सगळी कंत्राटी, काम हाताला बसायच्या आत बदलणारी.

‘नॉलेज मॅनेजमेंट’च्या नावाने आज कपाटे आणि सर्व्हर भरले जातात. त्यांना माझा विरोध नाही, सूची हवीच. पण दाते-कर्वे घडले ते सूचीमुळे नव्हे, एका कामात वर्षानुवर्षे टिकल्यामुळे. सात-आठ महिन्यांनी माणूस बदलायचा आणि ज्ञान मात्र संस्थेत राहावे अशी अपेक्षा करायची, हा हिशेब जुळत नाही. केतकरांनी निदान आपला हिशेब लिहून ठेवला. आपल्या कारखान्यांचा असा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्याने सुरुवात त्या पट्टीपासून करावी, आणि ती सेटरकाकांच्याच तोंडून ऐकावी.