थिबाची दुर्बीण

१८८५ मध्ये पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीच्या बंदिवासातच १९१६ मध्ये निवर्तला. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या कादंबरीत तो दुर्बिणीतून समुद्रावरची गलबते न्याहाळत असतो. हद्दपारीचे हे प्रतिमान प्रभावी खरे. परंतु त्यात निर्वासिताची नजर समुद्राकडेच लागलेली राहते, पाठीमागचे गाव तिच्या टप्प्यात येत नाही. (रत्नागिरीकर ज्याला कौतुकाने थिबा पॅलेस म्हणतात, ती वास्तूही राजाला अखेरच्या काही वर्षांपुरतीच लाभली.) दासी डॉली रत्नागिरी सोडते आणि कथनाचा मुख्य प्रवाहही तिच्यामागोमाग निघून जातो.

सुधा शाह यांचे ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२) हे चरित्र मात्र चारही राजकन्यांचा माग सोडत नाही. १९१९ मध्ये कुटुंब मायदेशी परतले. राजनिवासाच्या मराठी दरवानाशी संबंध जुळलेली थोरली राजकन्या त्यानंतर पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी तर मराठी बोलतच वाढली. मग या दोघींची हद्दपारी कोणत्या किनाऱ्यावरून मोजायची? कादंबरीचा रूपबंध शोकात्म राजाला सहज सामावून घेतो. दारिद्र्यात रुजत गेलेले राजकन्येचे हे उत्तरायुष्य मात्र त्याच्या कडेलाच राहते.