‘स्मृतिचित्रें’ आणि नवा जन्म

नागपूर शहराच्या पश्चिमेस, अमरावतीच्या रस्त्यावर, वाडी हें गांव आहे. मालमोटारींची वर्दळ, वखारींच्या रांगा आणि जवळच अंबाझरीचा आयुधांचा कारखाना, असें त्याचें आजचें रूप. वाङ्मयचर्चेचा आरंभ अशा ठिकाणापासून करावा असें सहसा कोणास सुचणार नाहीं. परंतु यंदा राखेच्या बुधवारीं येथेंच आमच्या शेजारचें एक ख्रिस्ती कुटुंब देवळांतून परत येत होतें. त्यांच्या कपाळावरची राख पाहून आमच्या घरांतील एका मुलीनें विचारलें, “बाप्तिस्मा झाला म्हणजे नवा जन्म झाला असें हे लोक म्हणतात ना? मग जन्मलेल्या माणसानें कपाळाला राख कां लावावी?” प्रश्न लहान तोंडचा, पण बिनतोड होता. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही एखादा धर्मग्रंथ उघडावयाचा, तो लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुन्हां उघडलीं. तें उत्तर तेथें सांपडलें असें आम्हांस वाटतें, आणि तेंच वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

प्रथम त्या राखेविषयीं दोन शब्द. ख्रिस्ती संप्रदायांतील उपवासकाळ राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत चालतो. मधले सहा रविवार वगळले म्हणजे दिवस बरोबर चाळीस भरतात; येशूनें अरण्यांत केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाची ती आठवण. बाहेरचा माणूस या काळाचा अर्थ ‘मांसाहार वर्ज्य’ एवढाच करतो. परंतु आरंभींच्या शतकांत या दिवसांचें एक मोठें प्रयोजन निराळें होतें. जे नव्यानें ख्रिस्ती होऊं इच्छीत त्यांची अखेरची तयारी या काळांत करून घेत, आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीं त्यांस बाप्तिस्म्याच्या पाण्यांत उतरवीत. प्रौढांच्या दीक्षेची ही जुनी क्रमवार रीति रोमन कॅथॉलिक पंथानें १९७२ सालीं पुन्हां सुरू केली. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत बाप्तिस्म्याला मरणाची उपमा दिली आहे : पाण्यांत उतरणें म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलें जाणें, आणि बाहेर येणें म्हणजे त्याच्याबरोबर उठणें. राखेचें कोडें येथें अर्धें सुटतें. जुना माणूस मेल्यावांचून नवा जन्मत नाहीं; आणि मरावयास वेळ लागतो.

मराठी मनाला ही कल्पना वाटते तितकी परकी नाहीं. अडचण आहे ती शब्दांची. ‘पुनर्जन्म’ म्हटलें कीं आपल्यापुढें चौऱ्यायशीं लक्ष योनींचा फेरा उभा राहतो, आणि ‘दुसरा जन्म’ म्हटलें कीं मुंज आठवते. मुंज झालेला मुलगा द्विज होतो, म्हणजे दुसऱ्यांदा जन्मतो. बाईला मात्र मुंज नाहीं. विवाह हाच तिचा उपनयनसंस्कार, असें मनुस्मृति सांगते. याचा सरळ अर्थ असा कीं, पुरुषाचा दुसरा जन्म त्याचा स्वतःचा आणि बाईचा दुसरा जन्म नवऱ्याच्या पदरचा. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना ही गोष्ट आम्हांस वारंवार आठवली, कारण त्या पुस्तकांतला खरा पेच याच गांठींत आहे.

टिळक दंपतीच्या या कथेचा एक महत्त्वाचा अध्याय नागपुरांत घडला. नारायण वामन टिळक १८९१ च्या सुमारास नागपुरास आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें ते संस्कृत ग्रंथांचें काम करीत, आणि ‘ऋषि’ नांवाचें एक मासिकही त्यांनीं चालविलें. पुढें १८९३ सालीं नोकरीनिमित्त राजनांदगांवास जात असतां आगगाडींत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशीं गांठ पडली. त्यानें टिळकांस बायबल वाचावयास दिलें, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. दिवस रविवार होता. त्या सालीं राखेचा बुधवार २७ फेब्रुवारीस आणि ईस्टर १४ एप्रिलास होता. ज्या अमेरिकन मराठी मिशनाशीं टिळकांचा संबंध जडला त्याच्या परंपरेंत उपवासकाळाचें प्रस्थ नव्हतें, तेव्हां हा दिवस ठरवितांना कोणी तिथि पाहिली असेल असें नाहीं. तरीही या कथेंतला क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. पतीचें पाणी आधीं झालें, आणि उपवासकाळ त्यानंतर सुरू झाला. तो पत्नीच्या वांट्यास आला, आणि चाळीस दिवस नव्हे, पांच वर्षें चालला.

धर्मांतराचें आत्मकथन मराठीला टिळकांच्या आधींही ठाऊक होतें. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें ‘अरुणोदय’ या नांवानें आत्मचरित्र लिहिलें. नांवांतच पुस्तकाची रचना सांगून टाकिली आहे : मागें रात्र, पुढें सूर्य, आणि मध्यें शंका, वाचन, वादविवाद यांची पहांट. जेथें गुप्तपणें एकत्र खाऊन जातिभेद मोडीत त्या परमहंस सभेंतही पदमनजींनीं कांहीं काळ घालविला होता. अशा बुद्धिवान तरुणाचा प्रवास म्हणून त्या ग्रंथाचें मोल फार आहे, आणि त्याचा प्रांजळपणा आजही मनास भिडतो. पण या जातीच्या ग्रंथांत एक मर्यादा असते. बाप्तिस्मा हें त्यांत शिखर ठरतें. सारा रस्ता त्याकडे चढत जातो. मागें राहिलेलीं माणसें त्या चढावर अडथळा म्हणून, नाहीं तर हुंदका म्हणून, दिसतात. ज्याच्या घरांतून कोणी निघून गेलें त्याच्या बाजूनें ही गोष्ट सांगावयास कोणी नव्हतें. ती उणीव ‘स्मृतिचित्रें’नीं भरून काढली.

हीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालीं. त्यांचा विनोद, त्यांची घरगुती भाषा, विसरभोळ्या आणि लहरी टिळकांचें त्यांतलें चित्र यांची स्तुति इतकी झाली आहे कीं, नवीन वाचक पुस्तक हातीं घेतो तो हंसण्याच्या तयारीनेंच. ती स्तुति खोटी नाहीं. पण पुस्तकाचा आरंभ कशानें होतो तें पाहावें. तो होतो पाण्यानें. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोंवळ्याचें वेड होतें. सासरे वासुदेव भगवंत जोगळेकर यांस सत्तावन्नच्या धामधुमींत फांशीं झाली, त्या धक्क्यापासून त्यांस सगळें जग विटाळलेलें दिसूं लागलें. बाजारांतून आलेली वस्तु, अगदीं मीठसुद्धां, धुतल्यावांचून घरांत येत नसे. सारें घर दिवसभर पाण्यांत बुडालेलें असे, आणि तरी कोणी शुद्ध होत नसे. ज्या मुलीचें बाळपण अशा पाण्याखालीं गेलें तिच्यापुढें पुढें दुसरें एक पाणी येऊन ठाकलें. या दोन पाण्यांमधलें अंतर हाच आमच्या मतें ‘स्मृतिचित्रां’चा विषय होय.

१८९५ सालीं टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हां लक्ष्मीबाईंची स्थिति चमत्कारिक झाली. नवरा जिवंत, कुंकू कायम, आणि तरी घर नाहीं. मनूच्या हिशेबानें त्यांचा दुसरा जन्म ज्या विवाहांत झाला होता, त्या विवाहाचा धनीच आतां तिसऱ्यांदा जन्मून पलीकडे गेला होता. त्याच्यामागून निमूट जाणें हा एक मार्ग होता. पतिव्रताधर्म तोही शिकवितो. त्याला मेला समजून माहेरच्या छपराखालीं आयुष्य काढणें हा दुसरा. लक्ष्मीबाईंनीं दोन्हीं सोडले. कांहीं वर्षें त्या आप्तांकडे राहिल्या. पुढें मुलाला घेऊन टिळकांकडे नगरास गेल्या, पण तेथेंही त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नाहीं. पति ख्रिस्ती, पत्नी हिंदु, आणि संसार एक. त्या काळच्या दोन्हीं समाजांना जें अशक्य वाटत होतें तें या बाईनें रोज चूल पेटवून शक्य करून दाखविलें.

मग एके दिवशीं त्यांनीं स्वतःला विचारलें कीं, जात देवानें केली कीं माणसानें? प्रश्न कोणी पाद्र्यानें घातला नव्हता, आणि त्यासाठीं टिळकांनीं त्या वेळीं व्याख्यानही दिलें नव्हतें. विचार करतां करतां उत्तर आंतूनच आलें, आणि कोणाच्याही हातचें खावयास आपली हरकत नाहीं असें त्यांनीं ठरवून टाकिलें. ‘स्मृतिचित्रें’तला हा प्रसंग आम्ही अनेकदां वाचला, आणि प्रत्येक वेळीं त्याच्या साधेपणानें थक्क झालों. येथें वीज चमकत नाहीं, आकाशवाणी होत नाहीं. एक गृहिणी पाणी आणि अन्न यांच्याकडे नव्या नजरेनें पाहते, एवढेंच. बाप्तिस्मा यानंतर, १९०० सालीं, आला. जुनी बाई आधीं स्वयंपाकघरांत मेली होती. देवळांत फक्त नव्या बाईचें नांव लागलें.

या ठिकाणीं एक आक्षेप येतो, आणि तो कांहीं भाविक ख्रिस्ती वाचकांनीं आमच्याजवळ बोलूनही दाखविला आहे. तो असा कीं, लक्ष्मीबाई संस्काराविषयीं फार थोडें लिहितात; पापाचा पश्चात्ताप, कृपा, तारण यांची चर्चा त्यांच्या लेखणींतून अभावानेंच येते; मग या पुस्तकास आध्यात्मिक नव्या जन्माची कथा कशी म्हणावी? आमचें उत्तर असें आहे कीं, संस्कार थोडक्यांत आटोपला म्हणूनच ती कथा खरी आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत निकदेम विचारतो कीं, म्हातारा माणूस पुन्हां कसा जन्मेल? त्याला मिळालेलें उत्तर वाऱ्याचें आहे : वारा ऐकूं येतो, पण कोठून येतो आणि कोठें जातो तें कळत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं वाऱ्याचें वर्णन केलें नाहीं. वाऱ्यानें काय काय हाललें तें दाखविलें. लेखकाच्या हातीं एवढेंच असतें.

परंतु पुस्तकाची उणीव झांकावी असेंही आम्हांस वाटत नाहीं. नगरच्या ज्या ख्रिस्ती समाजांत लक्ष्मीबाई गेल्या, त्यांतील बहुसंख्य माणसें महार आणि मांग समाजांतून आलेलीं होतीं. तीं ‘स्मृतिचित्रां’त येतात, कित्येकदां प्रेमानें येतात, परंतु तीं येतात तीं एका ब्राह्मण बाईच्या उंबरठ्यावर, तिच्या परीक्षेचा प्रसंग होऊन. कोणाच्या हातचें पाणी प्यावें हा तिचा पेच होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातचें कोणी प्यालें नाहीं त्यांना बाप्तिस्म्याच्या त्याच पाण्यांत काय मिळालें, हें हें पुस्तक सांगत नाहीं. नागपूरकरांना ही उणीव विशेष जाणवावी. वाडीहून शहरांत जातांना थोडी वाट वांकडी केली म्हणजे दीक्षाभूमि लागते. तेथें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांपैकीं एकींत आपला नवा जन्म होत आहे असें प्रत्येकानें उच्चारलें. तेथें उच्चार एका क्षणाचा असला, तरी जुनें आयुष्य संपवावयास घरोघर वर्षें लागलीं, हें पुढें दलित आत्मचरित्रांनीं सांगितलें. पंथ निराळा, देव असणें-नसणें निराळें. पण नव्या जन्माचा हिशेब दोहोंकडे रोजच्या व्यवहारांतच करावा लागला.

टिळकांनाही हें उमगलें होतें, असें त्यांच्या अखेरच्या वर्षांवरून दिसतें. १९१७ सालीं मिशनाची चाकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्हीं प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची योजना होती. ज्यानें १८९५ सालीं त्या एका संस्कारासाठीं घरदार पणास लाविलें, त्यानेंच बावीस वर्षांनीं दाराची चौकट रुंद केली. यास कोणी विसंगति म्हणतील. आम्ही तसें म्हणत नाहीं. आपली पत्नी बाप्तिस्म्यापूर्वींच किती बदलली हें ज्यानें जवळून पाहिलें, त्याला हें सुचणें स्वाभाविक होतें. टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. त्यापुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनीं लिहिला. ज्या जन्मांत त्या पतीच्या मागून गेल्या नाहींत, त्या जन्माचें त्याचें महाकाव्य त्यांनीं स्वतःच्या पायांवर चालत जाऊन पुढें नेलें.

‘स्मृतिचित्रें’ शंभरीकडे येऊं लागलीं आहेत. त्यांचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद १९५० सालीं निघाला, आणि २०१७ सालीं शांता गोखले यांनीं केलेला अनुवादही उपलब्ध झाला. तेव्हां तीं वाचलीं जात नाहींत असें नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, तीं नुसतीं हंसण्यासाठीं वाचूं नयेत, आणि धर्मांतराच्या बाजूचा किंवा विरुद्धचा पुरावा म्हणूनही वाचूं नयेत. एका माणसाचा नवा जन्म दुसऱ्याला उसना घेतां येत नाहीं, मग तो दुसरा नवरा असो, बाप असो कीं गुरु असो, हें या पुस्तकाइतकें स्वच्छ मराठींत दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

शेजारच्या घरीं उपवासकाळ अजून चालूं आहे. त्या मुलीला आम्ही सांगितलें कीं, जन्मलेला माणूस राख लावतो, कारण त्याचें जुनें थोडें थोडें मरावयाचें अजून राहिलें आहे. तिनें क्षणभर विचार केला आणि विचारलें, “मग आपल्याला नाहीं का लावावी लागत?” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.