अकरा विरुद्ध चौदा : फँटम पेनवरचा एक गाजलेला पेपर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं : ऑपरेशनआधी वेदना ब्लॉक केली तर फँटम पेन टळते. संदर्भ, बाख आणि सहकारी, १९८८. प्रेझेंटेशनला मॅडमनी एवढंच विचारलं, "पेशंट किती होते?" मला सांगता आलं नाही. मी अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य तेवढं उचललं होतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून आज त्यातले आकडे बघू.

फँटम पेन म्हणजे कापलेल्या, आता नसलेल्या हातापायात होणारी वेदना. कल्पना अशी की, कापायच्या आधी पाय बराच काळ दुखत असतो आणि त्या दुखण्याची जणू आठवण मज्जासंस्थेत बसते. मग आधीचे तीन दिवस एपिड्युरल देऊन ते दुखणंच बंद ठेवलं तर? कल्पना सुंदर आहे, आणि मला वाटतं घोळ तिथेच होतो. पटलेल्या कल्पनेचे आकडे आपण तपासत नाही.

एकूण पेशंट २५. ब्लॉक ११ जणांना, बाकी १४ तुलनेसाठी. फँटम पेन सात दिवसांनी ३ विरुद्ध ९, सहा महिन्यांनी ० विरुद्ध ५, वर्षाने ० विरुद्ध ३. या तिन्हींत पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जाते ती फक्त सहा महिन्यांची. आता कागद घ्या आणि फिशरची एक्झॅक्ट टेस्ट स्वतः लावा (खरंच लावा, नुसतं वाचू नका). ११ पैकी ० आणि १४ पैकी ५ धरले तर उत्तर साधारण ०.०४६ येतं. ब्लॉकवाल्या गटात एकाच माणसाला वेदना झाली असती तर? ०.१८. म्हणजे सगळा डोलारा एका पेशंटवर उभा!

१९९७ मध्ये निकोलायसेन यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये ६० जणांची डबल ब्लाइंड ट्रायल छापली. तुलनेच्या गटालाही एपिड्युरल होतं, पण त्यातून नुसतं सलाइन. वर्षाने फँटम पेन १२ पैकी ९ आणि १६ पैकी ११ जणांना. फरक नाही. पण बेरीज करा : ६० पैकी उरले २८. रक्तवाहिन्यांच्या आजाराने पाय गमावलेल्या वृद्धांत वर्षभरातले मृत्यू खूप असतात, त्यामुळे इथे लांबचा पाठपुरावा कठीणच. शिवाय ब्लॉक ऑपरेशनआधी साधारण १८ तास होता, तीन दिवस नाही. त्यामुळे १९८८ चा दावा यात तसाच्या तसा तपासला गेला, असंही म्हणता येत नाही.

२०२१ ची इल्फेल्ड यांची ट्रायल अनेक जण याच रांगेत बसवतात, ते चूक आहे. तिथे प्रश्नच वेगळा : आधीच फँटम पेन असलेल्या १४४ जणांना सहा दिवस कॅथेटरमधून नर्व्ह ब्लॉक. चार आठवड्यांनी सरासरी वेदना ३.० विरुद्ध ४.५. आकडा बरा आहे. पण अवयव बधिर झाला की आपल्याला औषध मिळालंय हे पेशंटला कळणारच ना? तो संशय मला अजून सोडत नाही.

सिनॉप्सिसमधलं वाक्य मी बदललं : "एका लहान अभ्यासात फायदा दिसला, नंतरच्या डबल ब्लाइंड ट्रायलमध्ये दिसला नाही." मॅडमनी 'लहान'खाली रेघ मारली आणि समोर लिहिलं, आकडा?