गुलामीची आठवण आणि आपला मलिक अंबर

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला गोंड समाज तिथे लोटतो. काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांच्यामुळे, हिरासुकाच्या किंगरीच्या सुरांनी, ती मोकळी झाली, अशी त्यांची श्रद्धा आहे. आपले पूर्वज बंदिस्त होते हे सांगताना या समाजाला कमीपणा वाटत नाही. सुटकेची कथा बंदिवासाशिवाय सांगताच येत नाही.

हबशांविषयीचे मराठी लेखन या कसोटीवर तपासावे. ऐतिहासिक कादंबरीतला हबशी म्हणजे बहुधा पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर किंवा जंजिऱ्याचा कडवा सिद्दी. त्याला उत्तर म्हणून आपण मलिक अंबर पुढे केला. १६१०च्या सुमारास खडकी शहर वसवणारा, नहर-ए-अंबरी खेळवणारा, महसुलाची घडी बसवणारा, १६२४ साली भातवडीला मोगल व आदिलशाही फौजांना धूळ चारणारा. यात काही खोटे नाही. परमानंदाच्या ‘शिवभारता’तही त्याच्या पराक्रमाची दखल आहे.

पण या गौरवात एक पान गाळले जाते. इथिओपियातला चापू नावाचा मुलगा विकला गेला आणि बगदादमार्गे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. या व्यवहारात विकणारे मुसलमान होते, विकत घेणारेही मुसलमान होते. चंगेजखान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. पुढे अंबरनेही फौजेसाठी हबशी गुलाम घेतले. गुलामांची नावेच पाहा: अंबर, याकूत, काफूर. सुगंधी द्रव्ये आणि रत्ने! माणसाला मालाची नावे दिली गेली, आणि आपण त्यांकडे केवळ विशेषनामे म्हणून पाहिले.

दख्खनची गुलामी अमेरिकेतल्या मळ्यांसारखी नव्हती, इथे गुलाम वजीर होऊ शकत होता, असे म्हटले जाते. ते खरे आहे. परंतु एक वजीर झाला म्हणून बाकीच्या हजारोंचा हिशेब मिटत नाही. गुलाम मुक्त करणे हे कुरआनने पुण्यकर्म मानले, तरी बाजार चालूच राहिला. हजरत बिलाल यांचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि घरात सावळ्या मुलीच्या स्थळावरून नाक मुरडतो. ‘हबशी’ हा शब्द आपल्याही तोंडी शिवीसारखा येतो.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात मराठी मिसळलेली कोकणी बोलणारे सिद्दी राहतात. त्यांत मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्या साहित्यात त्यांना जागा किती?

अंबरवर आणखी गौरवलेख नकोत. जो मलिक झाला नाही, ज्याची कबर कुठे दाखवता येत नाही, त्या गुलामाची कथा मुस्लिम मराठी साहित्याने लिहावी. आपल्या माणसांनी केलेला अन्यायही त्याच शाईने लिहिता आला, तरच इतरांकडे न्याय मागणाऱ्या आपल्या शब्दाला वजन येईल.