पपायरस सापडल्यावर दाव्याचं काय झालं? मॉर्मन ग्रंथांची एक तपासणी

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात 'गृहीतक खोटं ठरण्याची शक्यता असली पाहिजे' हे वाक्य आपण सगळेच लिहितो. पॉपरचं नाव टाकतो, मार्क मिळतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण खरा पुरावा समोर येतो तेव्हा दाव्याचं नेमकं काय होतं, हे बघायची संधी कोर्सवर्कमध्ये फारशी मिळत नाही. म्हणून आज एक असं उदाहरण घेऊ, ज्यात दावा लेखी आहे, त्यावर तारीख आहे आणि सव्वाशे वर्षांनी मूळ साहित्यच तपासायला मिळालं आहे. उदाहरण धर्माच्या इतिहासातलं आहे, पण पद्धत तुमच्या प्रयोगशाळेत चालते तीच आहे.

आधी थोडी ओळख. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) हा अमेरिकेतला एक शेतकरी कुटुंबातला तरुण. न्यूयॉर्क राज्यातल्या एका टेकडीत देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण दैवी शक्तीने भाषांतरित केला, असं त्याचं म्हणणं. ते भाषांतर म्हणजे १८३० मध्ये छापलेलं 'बुक ऑफ मॉर्मन'. त्याच वर्षी चर्चची स्थापना झाली. आज या चर्चचं मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे आणि सभासदसंख्या चर्चच्याच आकडेवारीनुसार दीड कोटीच्या पुढे आहे.

आता एक भेद लक्षात ठेवा. 'देवाने स्मिथला निवडलं' हे विधान आपल्याला तपासता येत नाही. कसलंही उपकरण त्याला लागू पडत नाही. पण 'या कागदावरच्या या अक्षरांचा अर्थ असा आहे' हे विधान तपासता येतं. सोन्याचे पत्रे देवदूताने परत नेले असं सांगितलं गेल्यामुळे ते कुणालाच बघता येत नाहीत. मात्र स्मिथने आणखी एक भाषांतर केलं होतं आणि त्याची मूळ प्रत देवदूताने परत नेलेली नव्हती.

दावा: १८३५ ते १८४२

१८३५ मध्ये एक फिरता प्रदर्शक चार इजिप्शियन ममी आणि काही पपायरस घेऊन ओहायोतल्या कर्टलंड गावी आला. स्मिथच्या मंडळींनी हे सगळं २,४०० डॉलरना विकत घेतलं. त्यातल्या एका गुंडाळीवर बायबलमधल्या अब्राहमचं स्वतःच्या हातचं लिखाण आहे, असं स्मिथने जाहीर केलं. १८४२ मध्ये 'बुक ऑफ अब्राहम' नावाने हे भाषांतर चर्चच्या नियतकालिकात छापून आलं. सोबत पपायरसवरच्या तीन चित्रांच्या प्रतिकृती होत्या आणि प्रत्येक आकृतीला नंबर देऊन तिचा अर्थ सांगितला होता. १८८० मध्ये हा मजकूर ज्या संग्रहात आहे त्याला अधिकृत धर्मग्रंथाचा दर्जा मिळाला.

शाम्पोलियोंने चित्रलिपी उलगडल्याचं १८२२ मध्ये जाहीर केलं होतं, पण १८३५ च्या अमेरिकेत ती वाचू शकणारं माणूस मिळणं जवळजवळ अशक्यच. म्हणजे दावा केला तेव्हा तो तपासणारं कुणी नव्हतं. पण तपासता येईल अशा रूपात तो छापून ठेवला गेला. संशोधक म्हणून आपल्याला हेच हवं असतं.

तपासणी: दोन टप्प्यांत

पहिली तपासणी छापील चित्रांवरच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या तेओद्यूल देव्हेरियाने ती चित्रं पाहिली आणि ही नेहमीची अंत्यविधीची चित्रं आहेत असं सांगितलं. १९१२ मध्ये युटातल्या एका बिशपने इजिप्तच्या आठ अभ्यासकांची मतं मागवून छापली. निष्कर्ष तोच.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. मूळ पपायरस १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाले असा समज होता. १९६६ मध्ये अझीझ अतिया या अभ्यासकाला त्यातले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दिसले. १९६७ मध्ये संग्रहालयाने ते चर्चच्या ताब्यात दिले. आता लिपी वाचणारेही होते आणि मूळ मजकूरही होता.

वाचल्यावर निघालं काय? होर नावाच्या इजिप्शियन पुरोहितासाठी लिहिलेलं 'श्वासांचं पुस्तक', म्हणजे मृताला परलोकात जीवन मिळावं म्हणून सोबत ठेवायचा मजकूर. बाकीचे तुकडे 'मृतांच्या पुस्तका'चे. काळ इसवी सनपूर्व तिसरं शतक ते इसवी सनाचं पहिलं शतक, म्हणजे परंपरेने अब्राहमचा मानला जाणारा काळ उलटून दीड-दोन हजार वर्षं झाल्यानंतरचा. अब्राहमचं नाव कुठेच नाही.

सगळ्यात स्वच्छ कसोटी तिसऱ्या चित्राची आहे. त्यातली दुसरी आकृती राजा फॅरोची आहे आणि त्याचं नाव डोक्यावरच्या अक्षरांत दिलं आहे, असं स्मिथने लिहिलं. ती अक्षरं आज वाचता येतात. तिथे आयसिस देवीचं नाव आहे. ज्याला त्याने राजपुत्र म्हटलं ती मात देवी आहे. ज्याला गुलाम म्हटलं तो अनुबिस देव आहे. ज्याला सिंहासनावरचा अब्राहम म्हटलं तो ओसायरिस आहे. इथे 'अर्थ लावण्यात मतभेद' म्हणायला जागा नाही. नाव लिहिलेलं आहे आणि ते वेगळं आहे.

बचाव आणि त्याची किंमत

पुरावा विरोधात गेल्यावर लगेच दावा सोडायचा नसतो, हेही शास्त्रच आहे. उपकरण बिघडलेलं असू शकतं, नमुना चुकीचा असू शकतो. म्हणून बचाव नीट ऐकून घेऊ.

पहिला बचाव असा की अब्राहमचा मजकूर हरवलेल्या भागात होता. काही भाग हरवला आहे हे खरं. पण ग्रंथातला मजकूर स्वतःच पहिल्या चित्राचा हवाला देतो, आणि ते चित्र होरच्याच पपायरसचा भाग आहे. शिवाय तिसऱ्या चित्रातली नावं चित्रातच आहेत. त्यांचं स्पष्टीकरण हरवलेल्या भागावर ढकलता येत नाही.

दुसरा बचाव असा की 'भाषांतर' हा शब्द नेहमीच्या अर्थाने घेऊ नये, पपायरस हे फक्त निमित्त होतं आणि त्यातून स्मिथला साक्षात्कार झाला. चर्चने २०१४ मध्ये या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. सापडलेल्या तुकड्यांवर अब्राहमचं नाव किंवा त्या ग्रंथातल्या घटना नाहीत हे त्यात मान्य केलं आहे आणि हे दोन्ही बचाव शक्यता म्हणून मांडले आहेत. एवढं लेखी मान्य करणं प्रामाणिकपणाचं आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण दुसऱ्या बचावाने दाव्याचं काय केलं ते बघा. आता पपायरसवर काहीही निघालं असतं, अगदी धोब्याचा हिशेब निघाला असता, तरी दावा शाबूत राहिला असता. कशानेच मोडत नाही असा दावा मजबूत झाला असं वाटतं, पण प्रत्यक्षात त्याने पपायरसबद्दल काही सांगणंच सोडून दिलेलं असतं. आणि १८४२ मध्ये छापलेलं विधान हे नव्हतं. 'अब्राहमच्या हातचं, पपायरसवरचं' असं ते विधान होतं.

डीएनएचं प्रकरण: एका शब्दाचा बदल

जीवशास्त्रवाल्यांसाठी दुसरं उदाहरण. 'बुक ऑफ मॉर्मन'नुसार इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास जेरुसलेमहून एक कुटुंब अमेरिकेत आलं आणि त्याच्यापासून मोठाले समाज वाढले. त्यातल्या लॅमनाइट गटाला १९८१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अमेरिकन आदिवासींचे 'प्रमुख पूर्वज' म्हटलं होतं. खुद्द स्मिथनेही १८४२ च्या एका पत्रात या लोकांचे उरलेले वंशज म्हणजे आजचे इंडियन, असं लिहिलं होतं.

मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या अभ्यासात अमेरिकेतले आदिवासी मुख्यतः ए, बी, सी, डी आणि थोड्या प्रमाणात एक्स या गटांत बसतात आणि त्यांचं मूळ आशियाकडे, सायबेरियाच्या दिशेने जातं. सायमन सदर्टन या ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. तो स्वतः आधी या चर्चमध्ये होता. पुढे २००६ मध्ये आलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत 'प्रमुख पूर्वज'च्या जागी 'पूर्वजांपैकी' असा शब्दप्रयोग आला.

इथे टीकाकारांनीही जपून बोलायला हवं. लहानसा गट मोठ्या लोकसंख्येत मिसळला तर काही पिढ्यांत त्याच्या जनुकीय खुणा पुसल्या जाऊ शकतात. जेनेटिक ड्रिफ्ट शिकलेल्या कुणालाही हे माहीत असतं. म्हणून 'डीएनएने सिद्ध केलं की तिथे कुणी आलंच नाही' हे वाक्य चूक आहे. बरोबर वाक्य असं: 'प्रमुख पूर्वज' हा दावा डीएनएने मोडला आणि त्याच्या जागी आलेला छोटा दावा डीएनएने तपासता येत नाही. व्हायव्हात याच दोन वाक्यांतल्या फरकावर परीक्षक तुम्हाला पकडतात.

हे सगळं कशासाठी?

कुणी म्हणेल, लोक आपल्या श्रद्धेने जगतात, तुम्हाला काय करायचंय? तर 'बुक ऑफ अब्राहम'मधला एक उतारा बघा. फॅरोच्या वंशाला पुरोहितपदाचा हक्क नाही, अशा अर्थाचा तो आहे. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पुरोहितपद नाही, असं धोरण ब्रिगहॅम यंगने १८५२ मध्ये जाहीर केलं. पुढे त्याच्या समर्थनासाठी या उताऱ्याचा आधार घेतला गेला. हे धोरण १९७८ मध्ये उठलं. १२६ वर्षं. त्या काळात कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मंदिरातल्या महत्त्वाच्या विधींतूनही वगळलं जात होतं. बंदीमागची जुनी स्पष्टीकरणं आपण नाकारतो, असं चर्चने २०१३ च्या निबंधात म्हटलं. दावा तपासायचा राहिला की त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि बहुतेक वेळा ते दावा करणारे नसतात.

सिद्धान्ताच्या बाजूचा प्रश्नही इथेच येतो. एखादी शिकवण देवाची म्हणून सव्वाशे वर्षं सांगितली आणि नंतर तिची कारणं चुकीची होती म्हटलं, तर आजच्या शिकवणींपैकी कोणत्या टिकतील हे आतल्या माणसाने ओळखायचं कसं? याला प्रयोगशाळेत उत्तर नाही, पण प्रश्न तर्काचा आहे आणि तो विचारायला हरकत नाही.

आपल्या बाजूचा पुरावा

शेवटचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. १९८० च्या दशकात मार्क हॉफमन हा दुर्मीळ कागदपत्रांचा विक्रेता एकामागून एक जुनी मॉर्मन पत्रं 'शोधून' काढत होता. त्यातल्या १८३० ची तारीख असलेल्या एका पत्रात स्मिथला देवदूताऐवजी पांढरा सॅलमँडर दिसला असं होतं. स्मिथ जादूटोण्यातला माणूस होता असं म्हणणाऱ्यांना आयतंच घबाड. नावाजलेले तज्ज्ञ फसले. पण जेराल्ड टॅनर हा चर्चचा आयुष्यभराचा टीकाकार १९८४ मध्येच म्हणाला की हे पत्र संशयास्पद वाटतं, कारण त्यातला मजकूर १८३४ च्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकातल्या मजकुराशी फारच जुळतो. पत्र त्याच्याच बाजूचं होतं, तरी त्याने शंका घेतली. पुढे १९८५ मध्ये पितळ उघडं पडेल या भीतीने हॉफमनने बॉम्ब ठेवले आणि दोन जणांचा जीव गेला. तपासात सूक्ष्मदर्शकाखाली शाईवर तडे दिसले, शाई कृत्रिमपणे जुनी केल्याची ती खूण होती. पत्रं बनावट निघाली.

टॅनरचं वागणं लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांनाच दिसतं. मॉर्मन लोक आपल्यापासून लांब आहेत, त्यामुळे हे वाचताना मान हलवणं सोपं जातं. पण आपल्या घरातल्या, आपल्या जातीतल्या, आपल्या गाइडच्या लाडक्या दाव्याला हीच फूटपट्टी लावता येते का? पुरावा आपल्या बाजूने आला तर आपण शाई तपासतो का?

सिनॉप्सिस लिहिताना एक काम करा. प्रत्येक गृहीतकाखाली दोन ओळी मोकळ्या ठेवा. पहिल्या ओळीत, काय दिसलं तर मी हे गृहीतक सोडेन, ते लिहा. दुसऱ्या ओळीत, ते दिसल्यावर मी कोणती सबब सांगायची शक्यता आहे, ते आत्ताच लिहून ठेवा. खाली तारीख टाका. डेटा आल्यावर तुमच्या चर्चेच्या प्रकरणात ती सबब जशीच्या तशी उतरली असेल, तर गाइडला दाखवण्याआधी ते पान पुन्हा लिहा.